नकाशा गेटपाशी संपतो

नवं कंटेनर टर्मिनल कसं असणार, ते हल्ली आधी पडद्यावर दाखवतात. निळंशार पाणी, त्यात चकचकीत जहाज, धक्क्यावर ओळीनं उभ्या क्रेन, मागं कंटेनरच्या पट्टीनं आखलेल्या रांगा. माणूस औषधालाही नाही. ट्रेलर दिसतात, पण मोजून चार, आणि चारही धावताहेत.

धावणारे ट्रेलर! चित्र उरणचं नाही, एवढं तिथंच कळतं.

चित्रकाराला बोल लावू नका. त्याला जेवढी हद्द आखून दिली, तेवढी त्यानं रंगवली. हद्द म्हणजे गेट. गेटच्या आत मीटरमीटरचा हिशेब असतो. गेटच्या बाहेर रायगड जिल्हा असतो. त्याचा हिशेब ज्याचा त्यानं ठेवायचा.

आतलं काम मात्र बघण्यासारखं असतं, खोटं कशाला बोला? कुठला डबा कुठल्या जहाजाचा, कुठल्या बंदरात उतरणार, वजन किती, आत कोळंबी आहे की रसायन, हे सगळं बघून संगणक प्रत्येकाला यार्डात जागा नेमून देतो. कोळंबीला विजेचा प्लग लागतो, रसायनाला वेगळा कोपरा. जड डबा जहाजात खाली जायला हवा, म्हणून तो आधी हाताशी हवा. पाच-पाच डब्यांच्या चळती लावायच्या आणि ज्या क्षणी जो डबा हवा तो नेमका वर असावा, हे या विद्येचं मर्म.

नाहीतर काय होतं? माळ्यावरून आकाशकंदील काढताना होतं, तेच. कंदील कायम तळाशी. आधी ट्रंक उतरवा, मग गाद्या, मग मोडका पंखा. कंदील घ्या आणि बाकीचं परत चढवा. यार्डातली क्रेन हा खेळ दिवसभर करू शकते. या फुकटच्या उचलाउचलीचे पैसे मात्र कोणी देत नाही.

म्हणून संगणकाला आधी कळायला हवं, की कुठला ट्रेलर किती वाजता येणार. जहाजाची वेळ त्याला कित्येक दिवस आधी ठाऊक असते. जहाज सिंगापूरहून निघालेलं असतं. ट्रेलर पनवेलहून निघालेला असतो.

त्याचं कोणीच सांगू शकत नाही.

या धंद्याची सुरुवातच मुळी फाटकाबाहेर झाली. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला ट्रकमालक. गोदीवर कापसाच्या गाठी एकेक करून उतरेपर्यंत आपण ताटकळलो, तिथंच आपल्याला कंटेनर सुचला, असं तो पुढं सांगायचा. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यानं ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ डबे चढवले आणि नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले. जगाचा व्यापार बदलला. गोदीतले हमाल गेले, गोण्या गेल्या, गोदामं गेली.

ट्रकवाला अजून ताटकळतोच आहे.

मधल्या काळात ५८ डब्यांचं जहाज २४ हजार डब्यांवर पोचलं. लांबी ४०० मीटर, रुंदी ६१ मीटर. ‘एव्हर गिव्हन’ आठवतं ना? मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं झालं आणि जगाला सहा दिवस घाम फोडला, ते याच जातीचं. असं जहाज धक्क्याला लागलं की एका दमात हजारो डबे उतरवतं. समुद्राच्या बाजूनं एक जहाज येतं. जमिनीच्या बाजूनं त्याचे हजारो ट्रेलर होतात. जहाज जितकं मोठं, तितकी त्या ट्रेलरची गर्दी एकाच दिवशी.

जहाज मोठं करून वाचलेले पैसे जहाज कंपनीचे. रस्त्यावरची गर्दी सर्वांची.

जहाज खोळंबलं तर तासातासाचा हिशेब लागतो, पत्रं जातात, वकील जागे होतात. ड्रायव्हर खोळंबला तर त्याला चहा मिळतो. तोही पदरच्या पैशानं.

पण सरकारकडं आकडे आहेत, आणि ते झकास आहेत. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालाचा दाखला देऊन आपल्याला सांगितलं गेलं, की कंटेनर बंदरात पडून राहण्याचा सरासरी काळ अमेरिकेत सात दिवस, जर्मनीत दहा आणि भारतात फक्त तीन. जर्मनीला हरवलं! छाती फुगवायला हरकत नाही.

फक्त घड्याळ कुठं चालू होतं, ते विचारू नका.

निर्यातीच्या डब्याचं घड्याळ चालू होतं तो गेटातून आत शिरल्यावर. त्याआधीची रांग, रांगेतली रात्र, फॉर्म १३ मधल्या एका आकड्याच्या चुकीपायी बाजूला काढलेला ट्रेलर, हे सगळं घड्याळाच्या आधीचं. म्हणजे झालंच नाही. आयातीच्या डब्याचं घड्याळ तो गेटाबाहेर पडला की थांबतं. पुढं गव्हाण फाट्यावर त्यानं दुपार काढली, तर ती दुपार कॅलेंडरात असेल, अहवालात नसते.

त्याच जागतिक बँकेचा दुसरा एक निर्देशांक आहे. त्यात २०२३ साली विशाखापट्टणम १९ वं आलं, मुंद्रा २७ वं आणि आपलं उरणचं न्हावा-शेवा ९६ वं. याचे फलक कुठं लागलेले दिसले नाहीत. आणि गंमत म्हणजे तो निर्देशांकही जहाजाचाच वेळ मोजतो. जहाज बंदरात किती तास होतं, बस्स. ट्रेलरचा वेळ मोजणारी जागतिक बँक अजून जन्मायची आहे.

काहीच केलं नाही, असं नाही. ट्रेलरसाठी भलंमोठं मध्यवर्ती पार्किंग बांधलं. निर्यातीचे ट्रेलर तिथं उभे राहतात, कागद तिथं तपासले जातात. रस्त्यावरची रांग बरीचशी कुंपणात गेली. रांगेला पत्ता मिळाला, हीदेखील प्रगतीच.

आता जरा मागं जाऊ. ‘मास्टर प्लॅन’ नावाची जी वस्तू असते, तिचं आयुष्य किती?

न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. आखलं होतं त्याच्या कितीतरी आधी, मुंबई बंदराचा भार हलका करायला. आखणाऱ्यांनी कंटेनरसाठी ६८० मीटरचा धक्का ठेवला आणि शेजारी खतासारख्या सुट्या मालासाठी वेगळे धक्के, वेगळी यंत्रं. त्या काळी देशाला खत हवं होतं, हिशेब बरोबरच होता. पण कंटेनर वाढत सुटले आणि तो खताचा धक्का बदलून तिथं तिसरं कंटेनर टर्मिनल उभं राहिलं. ते २००६ साली सुरू झालं. म्हणजे मूळची आखणी सतरा वर्षांत निकालात.

तरीही पुढचा मास्टर प्लॅन करणारे २०४७ चं बोलतात. जहाज कंपन्यांना पुढच्या तिमाहीत भाडं काय असेल ते सांगता येत नाही.

चौथ्या टर्मिनलची कथा तर शाळेत शिकवावी. २०११ मध्ये सिंगापूरच्या पीएसए कंपनीनं एका भारतीय भागीदारासह बोली लावली : उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांतले ५० रुपये ८२ पैसे बंदराला. सगळे खूश. मग मुद्रांक शुल्कावरून घोडं अडलं. करार झालाच नाही. पुन्हा निविदा निघाली. २०१४ मध्ये पीएसए एकटीच आली आणि ३५ रुपये ७९ पैशांत टर्मिनल घेऊन गेली. पहिला टप्पा सुरू व्हायला २०१८ उजाडलं, दुसऱ्याचं उद्घाटन व्हायला २०२५.

भरती-ओहोटी, वारा, लाटा, भूकंप, सगळ्याचं गणित मांडलं होतं. मुद्रांक शुल्काचा रकाना राहून गेला.

आणि रेल्वे? ती तर हवीच. कंटेनर रेल्वेनं गेले की रस्ता मोकळा, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दादरी ते जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेवाच, असा १,५०६ किलोमीटरचा स्वतंत्र मालवाहू मार्ग आखला. २००८ मध्ये मंजुरी मिळाली. उत्तर प्रदेश झाला, हरियाणा झाला, राजस्थान झालं, गुजरात झालं. गाड्या धावू लागल्या. सगळ्यात मागं कुठला तुकडा राहिला असेल?

वैतरणा ते जेएनपीटी. शंभरेक किलोमीटर.

बंदरासाठी आखलेला मार्ग बंदराजवळ सगळ्यात शेवटी आला. वरातीमागून घोडं म्हणतात, पण इथं वरात राजस्थानात नाचत होती आणि नवरदेव उरणला वाट बघत उभा होता.

हे आपल्याकडंच घडतं, असं समजून कोणी अपराधी वाटून घेऊ नये. जर्मनांचं बघा. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी विल्हेल्म्सहाफेनला खोल पाण्यातलं कंटेनर बंदर सुरू केलं. अठरा मीटर खोली. वर्षाला २७ लाख टीईयूची क्षमता. (टीईयू म्हणजे वीस फुटी डबा, चाळीस फुटी आला की दोन मोजायचे.) पहिल्या पूर्ण वर्षात, २०१३ मध्ये, तिथं आले सुमारे ७६ हजार. शंभरातले तीनसुद्धा नाहीत.

पाणी खोल होतं. क्रेन उत्तम होत्या. पण गोदामं, दलाल, रेल्वेचं जाळं, सगळं हॅम्बुर्गला. जहाज कंपन्या पाण्याच्या खोलीवर भाळत नाहीत. डबा पुढं कसा जाणार, ते बघतात. विल्हेल्म्सहाफेनच्या रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण पुरं व्हायला २०२२ साल उजाडलं.

जर्मन शिस्त म्हणतात, ती हीच.

कोचीत वल्लारपाडमचं टर्मिनल फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालं. जहाज बदलायला कोलंबोकडं जाणारे आपले डबे परत आणायचे, हा बेत. क्षमता दहा लाख टीईयू. त्यासाठीच्या रस्ता-रेल्वेपायी २००८ मध्ये ३१६ कुटुंबं उठवली. टर्मिनल पुढची कित्येक वर्षं अर्धंही भरलं नाही. डबे कोलंबोलाच जात राहिले. कुटुंबं मात्र वेळेवर उठली होती. नियोजनातला तेवढा एक टप्पा आपल्याकडं कधी चुकत नाही.

आता मुंबईकरांना एक प्रश्न. तुमच्या शहराला समुद्रात बांधलेलं एक कंटेनर टर्मिनल आहे, हे ठाऊक आहे का?

नसणारच. तिथं कंटेनर नाहीत.

इंदिरा गोदीच्या बाहेर, समुद्रात. डिसेंबर २००७ मध्ये करार झाला. दोन धक्के, एकूण लांबी ७०० मीटर. मागं डबे ठेवायला जागा हवी, म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवून यार्ड करायचं ठरलं. व्हिक्टोरिया म्हणजे तीच, जिथं १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि निम्मी मुंबई हादरली. धक्के उभे राहिले. खर्च झाला. मग कोणाला तरी सुचलं असावं, की पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा धडधडत असताना इकडं दक्षिण मुंबईत डबा उतरवायचा कशाला, आणि उतरवलाच तर भायखळा, परळ, शीव ओलांडून तो बाहेर काढायचा कसा?

हा प्रश्न २००७ मध्ये पडला असता, तर नियोजन झालं नसतं. म्हणून तो पडला नाही.

पुढं त्या धक्क्यावर मोटारी आणल्या. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या मोटारी जहाजात चढवून परदेशी पाठवतात. वाईट काही नाही. फक्त कंटेनर टर्मिनल हवं म्हणून समुद्रात सातशे मीटर बांधलं आणि शेवटी वाहनांच्या रांगाच लागल्या, ही खास मुंबईची सही.

मग यंत्रमानव. त्यांच्याशिवाय आजकाल टर्मिनलचं सादरीकरण पुरं होत नाही. रॉटरडॅमनं १९९३ पासून चालकाविना गाड्या चालवल्या, खरं आहे. सिंगापूर तुआसला साडेसहा कोटी टीईयूचं बंदर उभं करतंय, तेही खरं. पण न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरानं २०१६ पासून यंत्रांवर खर्च केला आणि जून २०२२ मध्ये साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडून गाशा गुंडाळला, हे सादरीकरणात नसतं. मॅकिन्सेनं २०१८ मध्ये पाहणी केली, तर यंत्रांमुळं खर्च उतरला होता, पण कामाचा वेगही ७ ते १५ टक्क्यांनी उतरला होता. सल्ला विकणाऱ्यांनीच हे लिहिलं, म्हणून विश्वास ठेवायचा.

सगळं संगणकावर सोपवण्याची चव न्हावा-शेवाला जून २०१७ मध्ये मिळाली. ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी हल्ला युक्रेनमध्ये सुरू झाला, मर्स्क कंपनीच्या यंत्रणेत घुसला आणि तिथून थेट आपल्या इथल्या तिच्या टर्मिनलपर्यंत आला. क्रेन जागेवर होत्या, डबे जागेवर होते, माणसं जागेवर होती. कुठला डबा कोणाचा, हे फक्त संगणकाला ठाऊक होतं आणि संगणक बंद.

उरणच्या रस्त्यावर मात्र काही फरक जाणवला नाही. रांग होती, ती वाढली.

असो. यंत्रं येणार, आणि यावीतही. उन्हातान्हात डब्यांच्या चळतीवर चढून साखळदंड आवळणाऱ्या माणसाला विचारा, तो आनंदानं यंत्राला जागा देईल. केरळात विळिंजमला, मे २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या बंदरात, खोलीत बसून पडद्यावर बघत क्रेन चालवतात. चालवणाऱ्यांत किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतल्या मुलीही आहेत. हे करता येतं, तर. कोणी मनावर घेतलं की.

आपण काय मनावर घेतलं, ते बघू.

जानेवारी १९८४. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या मागं उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर उतरला. दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क निघाला. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. डबे येऊ लागले, जाऊ लागले. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची पत्रं पंतप्रधानांच्या हस्ते द्यायला सुरुवात झाली, ती ऑगस्ट २०१४ मध्ये.

पंचवीस वर्षं. आणि हातात आली ती पत्रं.

कंटेनर तीन दिवसांत बाहेर. फाइल पंचवीस वर्षांत. हिचा मुक्काम जागतिक बँकेनं का नाही मोजला?

शेवा कोळीवाड्यातल्या माणसांना उठवून हनुमान कोळीवाड्यात बसवलं. नवी जागा, नवी घरं. घरांना वाळवी लागली. दारं गेली, खिडक्या गेल्या, भिंती पोखरल्या. ज्यांचं पुनर्वसन झालं होतं, ते पुनर्वसन मागत कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागले. धक्क्याखालची माती किती मीटरपर्यंत तपासतात, माहीत आहे? खडक लागेपर्यंत. घराखालची माती तपासायला कोणाला फावडं मिळालं नाही.

चौथ्या टर्मिनलच्या भरावानं मासेमारी गेली, म्हणून उरणचे पारंपरिक मच्छीमार हरित लवादाकडं गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाच्या पुणे पीठानं सांगितलं, की जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत. भागाकार करा. एका घराला पाच लाख चौऱ्याऐंशी हजार. पिढ्यानपिढ्यांच्या खाडीचे.

एवढ्यात एक नवा ट्रेलरही येत नाही. आणि हेदेखील सुखासुखी हाती पडलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तर असा आपला अनुभव. तो गाठीशी बांधून आता आपण निघालोय वाढवणला.

पालघर जिल्हा, डहाणू तालुका. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. १,४४८ हेक्टर भराव समुद्रात, दहा किलोमीटरवर लांबीचा लाटरोधक बांध, एक-एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. पाणी वीस मीटर खोल, म्हणजे २४ हजारी जहाजं खुशाल यावीत. वर्षाला दोन कोटी ३२ लाख टीईयू. न्हावा-शेवानं २०२४-२५ मध्ये ७३ लाख हलवले, आणि तेवढ्यात आपल्याला घाम फुटला होता. हे तिप्पट.

याच जागी बंदराचा बेत आधीही आला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये साफ नाही म्हटलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी तेव्हा अध्यक्ष. ते २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं होकार दिला. समुद्र तोच, किनारा तोच, खडकातली माशांची वीण तीच.

बदललं काय, ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांना अजून उमजलेलं नाही. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ या घोषणेचे फलक गावोगाव आहेत.

सरकारचं उत्तर तयार आहे : बंदर पूर्ण समुद्रात होणार, त्यामुळं बंदरासाठी कोणाची जमीन जाणार नाही, कोणी उठणार नाही. वा! समुद्रात कोणी राहत नाही, हे गृहीतक. बोंबील, घोळ, पापलेट यांचा सातबारा नसतो, त्यामुळं त्यांना नोटीसही लागत नाही. आणि बंदरापासून महामार्गापर्यंत आठपदरी रस्ता जातो तो काय हवेतून?

रोजगाराचंही ठरलंय : प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून बारा लाख. त्याच दमात सांगतात, की टर्मिनल जगातली सर्वांत आधुनिक असतील, म्हणजे कमीत कमी माणसांची. बारा लाख माणसं माणसांविना चालणाऱ्या टर्मिनलवर काय करणार, हे विचारायचं नाही. बाजारात तुरी आहेत, तोवर भांडून घ्यावं.

चला, आपण साधी बेरीज-वजाबाकी करू. वर्षाचे दोन कोटी ३२ लाख, म्हणजे दिवसाला साडेत्रेसष्ट हजार टीईयू. त्यातले चौथाई जहाजातून जहाजात गेले असं धरू, ते गेटाबाहेर येणार नाहीत. उरलेल्यांतले निम्मे रेल्वेनं जातील असं धरू. न्हावा-शेवात रेल्वेचा वाटा निम्म्याच्या जवळपासही नाही, पण आपण उदार होऊ. एका ट्रेलरवर दोन टीईयू. किती झाले?

दिवसाला जवळपास बारा हजार ट्रेलर. दर सात सेकंदांना एक. रात्रंदिवस, रविवारी, गणपतीत, दिवाळीत, जुलैच्या पावसात. आणि हा हिशेब फक्त एकेरी. रिकामे ट्रेलर परत जाताना उडत जाणार नाहीत.

कुठं निघतील हे सगळे? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर. घोडबंदर, वसई, मनोरवरून रोज जाणारे वाचक इथं खिन्न हसले असतील. त्यांना आणखी काही सांगायची गरज नाही. सात सेकंद तिथं ब्रेक दाबायलाही पुरत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग बंदर नकोच का? डबे कोलंबो-सिंगापूरलाच पाठवत राहायचे? आपल्या देशाचा जहाज बदलणारा माल, शंभरातला पंचाहत्तर, परदेशी बंदरांतून जातो, तो तसाच जाऊ द्यायचा? प्रश्न रास्त आहे. खोल पाण्याचं बंदर हवं, हे नाकारण्यात अर्थ नाही. न्हावा-शेवाची खाडी पंधरा मीटरपर्यंत उपसली तरी सर्वांत मोठी जहाजं तिथं येत नाहीत, आणि गाळ दरवर्षी न चुकता परत येतो. वाढवणलाच हवं का, यावर मात्र डहाणूच्या माणसाशी वाद घालायची आमची छाती नाही. मासे त्याचे जाणार आहेत, आमचे फक्त महागणार आहेत.

पण होणारच असेल, तर एक मागणं आहे. टर्मिनल चालवायला देताना जो करार होतो, त्यात क्रेननं तासाला किती डबे उचलावेत याचं कलम असतं. कमी उचलले तर दंड असतो. जहाजानं किती वेळात सुटावं याचंही असतं. तिथंच खाली आणखी एक कलम घाला : महामार्ग सोडल्यापासून डबा उतरवून ट्रेलर परत महामार्गाला लागेपर्यंत किती तास, ते रोज मोजायचं, रोज जाहीर करायचं, आणि ठरल्यापेक्षा जास्त लागले तर टर्मिनल आणि रस्ता बांधणारा या दोघांनी मिळून ट्रेलरवाल्याला पैसे मोजायचे. शेजारीच दुसरं : भरावाचा पहिला दगड पडण्याआधी मच्छीमारांची भरपाई त्यांच्या खात्यात, पत्रं नकोत.

नऊ टर्मिनल एका रात्रीत उभी राहणार नाहीत. करारही टप्प्याटप्प्यानंच होतील. त्यामुळं दोन ओळी वाढवायला वेळ आहे आणि कागदही. पालघरच्या आमदार-खासदारांना पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा एवढंच विचारा : हे कलम कितव्या पानावर आहे?